पापुद्र्याची मुदत

प्रवरा आणि म्हाळुंगी या दोन नद्यांच्या संगमावर वसलेल्या संगमनेर नगरीत गेल्या शतकाच्या मोठ्या भागात ज्या धंद्यावर असंख्य घरांतील चूल पेटत राहिली, तो विड्या वळण्याचा धंदा एका अशा कौशल्यावर उभा होता की ज्याची नोंद रसायनशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात कधी झाली नाही, आणि ते कौशल्य म्हणजे वाळलेल्या पानाला नेमके किती पाणी पाजावे याचे ज्ञान. गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या वनांतून उन्हाळ्यात तोडून वाळवलेले टेंभुर्णीचे, म्हणजेच तेंदूचे, पान कारखान्यातून घरी येते तेव्हा ते इतके ठिसूळ असते की दुमडू जाता त्याचा चुरा व्हावा. परंतु तेच पान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले, म्हणजे त्याच्या अंगी असे मार्दव येते की ते कात्रीखाली न फाटता कापले जाते, बोटांत सहज वळते, आणि पुन्हा सुकल्यावर दिलेला आकार धरून बसते. ओल कमी पडली तर पान तडकते, अधिक झाली तर लिबलिबीत होऊन तंबाखूला बुरशीची भीती निर्माण करते. या दोन टोकांमधली अचूक जागा विडी वळणाऱ्या स्त्रीच्या बोटांना ठाऊक असते, आणि वनस्पतींपासून बनवलेल्या विघटनशील पापुद्र्यांचे, ज्यांना आज व्यापारात फिल्म म्हणतात त्यांचे, जे शास्त्र गेल्या काही दशकांत जगभरच्या प्रयोगशाळांतून उभे राहिले आहे, त्याचा फार मोठा हिस्सा याच एका प्रश्नाभोवती फिरत आहे.

पान हा निसर्गाने बनवलेला पापुद्राच आहे. त्यात सेल्युलोजचे तंतू ताण सोसतात, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन त्यांना एकत्र बांधतात, आणि बाहेरून क्युटिन व मेण यांचा अत्यंत पातळ लेप पाण्याची ये-जा आवरून धरतो. यांपैकी सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज हे दोन्ही शर्करेच्या रेणूंची लांबच लांब साखळी करून बनलेले पदार्थ, म्हणजे पॉलिमर किंवा बहुवारिके होत, आणि त्या साखळ्यांवर जागोजाग ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोड्या असल्यामुळे शेजारच्या साखळीशी त्यांचे बंध जुळतात. पाणी आत शिरले की ते या दोन साखळ्यांच्या मध्ये बसते, त्यांचे परस्परांशी असलेले बंध सोडवून स्वतःशी जोडून घेते, आणि त्यामुळे साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. ठिसूळपणा जाऊन लवचिकपणा येण्याचे रहस्य एवढेच आहे.

विडीचा धंदा आता पूर्वीचा राहिला नाही. परंतु संगमनेरच्या परिसरात दुसऱ्या एका पापुद्र्याने गेल्या काही वर्षांत फार मोठी जागा व्यापली आहे. टोमॅटोच्या शेतात गादीवाफे काढून, त्यांवर ठिबकच्या नळ्या अंथरून, वरून एका बाजूने रुपेरी आणि दुसऱ्या बाजूने काळा असा जो पॉलिथिनचा पापुद्रा ताणून पसरतात आणि ज्याला सारे शेतकरी मल्चिंग पेपर असे म्हणतात, त्याचे उपकार पर्जन्यछायेतल्या या मुलखाला नाकारता येणार नाहीत. तो जमिनीतली ओल बाष्प होऊन उडू देत नाही, तणाला उजेड मिळू देत नाही, आणि फळाला मातीचा स्पर्श होऊ देत नाही. चार फूट रुंदीच्या आणि चारशे मीटर लांबीच्या एका गुंडाळीचा पसारा सुमारे ४८० चौरस मीटर भरतो. जाडी २५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा चाळिसावा भाग. आणि पॉलिथिनची घनता पाण्याहून थोडी कमी, सुमारे ०.९२, असल्याने सबंध गुंडाळीचे वजन साधारणतः ११ किलो होते. पीक निघाल्यावर या ११ किलोंचे काय करायचे, हा प्रश्न मात्र कोणत्याही दुकानाच्या पावतीवर लिहिलेला नसतो. उन्हाने जर्जर झालेला, वेलींच्या मुळांनी व काठ्यांनी ठिकठिकाणी फाटलेला, मातीने माखलेला तो कागद उपटताना त्याच्या चिंध्या होतात. काही बांधावर जाळल्या जातात, काही नांगराखाली जाऊन मातीतच राहतात, आणि त्या चिंध्यांना कुजवू शकेल असा जीवाणू आपल्या जमिनीत व्यवहारोपयोगी वेगाने काम करीत नाही. ज्या मातीवर पुढच्या पिढीचा निर्वाह अवलंबून आहे, तिच्यात दर हंगामाला हा न फिटणारा बोजा चढत जावा, ही गोष्ट माझ्या मते पाण्याच्या टंचाईइतकीच गांभीर्याने घेण्याजोगी आहे.

मग पॉलिथिनच्या जागी वनस्पतिजन्य पापुद्रा अंथरावा, असे म्हणणे सोपे आहे; परंतु तसे म्हणताच त्या पापुद्र्याच्या भौतिक गुणधर्मांची कैफियत मागणे भाग पडते, आणि ती कैफियत सर्वत्र अनुकूल नाही.

प्रथम पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा विचार करू, कारण मका, बटाटा, कसावा यांतून ते मुबलक आणि स्वस्त मिळते. पिष्ट आणि सेल्युलोज ही दोन्ही ग्लुकोजच्याच रेणूंची बनलेली असली, तरी सेल्युलोजमध्ये ते रेणू अशा रीतीने जोडलेले असतात की साखळी सरळ, फितीसारखी राहते आणि अनेक फिती एकमेकींना घट्ट चिकटून बळकट तंतू बनतो. उलट पिष्टात जोडणीचा कोन वेगळा असल्याने साखळी पिळदार होते, आणि त्यातील ॲमिलोपेक्टिन या भागाला तर फांद्याही फुटलेल्या असतात. म्हणून कापसाचा धागा ओझे उचलतो आणि पिठाचा गोळा उचलीत नाही. पिष्टाचे कण पाण्यात तापवले, की साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते फुगून फुटतात, साखळ्या मोकळ्या होतात, आणि ती खळ सपाट पृष्ठावर पसरून वाळवली म्हणजे पारदर्शक पापुद्रा मिळतो. चैत्र-वैशाखात आपल्या गच्च्यांवर साबुदाण्याच्या ज्या पापड्या घातल्या जातात त्यांची कृती तंतोतंत हीच आहे, आणि सुकलेली पापडी बोटाने दाबताच कशी कडकन मोडते हे ज्याने अनुभवले आहे, त्याला शुद्ध पिष्टाच्या पापुद्र्याचा मुख्य दोष निराळा सांगावा लागत नाही.

हा दोष घालवण्यासाठी खळीत ग्लिसरीन मिसळतात. पिष्टाच्या वजनाच्या २० ते ४० टक्के ग्लिसरीन घातले असता ते पाण्याचेच काम करते, म्हणजे साखळ्यांच्या मध्ये बसून त्यांना सरकू देते, आणि पाण्यापेक्षा त्याचा विशेष असा की ते सहसा उडून जात नाही. परंतु ग्लिसरीन वाढवावे तसा पापुद्रा लवचिक होत जातो आणि त्याच प्रमाणात दुबळाही होत जातो. शिवाय ग्लिसरीनला स्वतःलाच हवेतील दमटपणाची ओढ असल्यामुळे, मे महिन्यात संगमनेरच्या कोरड्या हवेत जो पापुद्रा ताठ वाटतो, तोच आषाढात शेजारच्या अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याच्या पावसात नेला असता चिकट आणि ढिला होतो. यापुढची अडचण काळाची आहे. वाळलेल्या पिष्टाच्या साखळ्या स्वस्थ बसत नाहीत. आठवड्यामागून आठवडे त्या पुन्हा शिस्तीने एकमेकींजवळ येऊन स्फटिकासारखी रचना करू लागतात, आणि पहिल्या दिवशी मऊ असलेला पापुद्रा गोदामात पडून राहिल्यावर कडक व भंगुर होतो. सबब पिष्टाच्या पापुद्र्याचा कोणताही आकडा, मग तो बळाचा असो वा लांबण्याचा, हवेतील आर्द्रता किती होती आणि पापुद्रा किती दिवसांचा जुना होता, हे सांगितल्यावाचून निरर्थक होय. या विषयावरील कित्येक लेखांत ही दोन माने गाळलेली आढळतात आणि त्यामुळे त्यांतील तुलना विश्वासास पात्र राहत नाहीत.

बळ कसे मोजतात हेही येथेच सांगितले पाहिजे. एक मेगापास्कल ताण म्हणजे स्थूलमानाने एका चौरस सेंटिमीटर छेदावर १० किलोंचा भार. साध्या पॉलिथिनचा पापुद्रा १० ते २० मेगापास्कलला तुटतो, म्हणजे २५ मायक्रॉन जाडीची एक सेंटिमीटर रुंद पट्टी पाव ते अर्धा किलो वजन पेलते. पॉलिलॅक्टिक आम्ल, ज्याचा उल्लेख व्यवहारात पीएलए या आद्याक्षरांनी होतो आणि जे मक्याच्या किंवा उसाच्या शर्करेपासून बनते, ते ५० ते ६० मेगापास्कल सहन करते. तेवढ्याच पट्टीला सव्वा किलो टांगता येईल. यावरून वनस्पतिजन्य पापुद्रा अधिक बळकट आहे असा निकाल देण्याचा मोह होतो, आणि विक्रेते तो देतातही. परंतु शेतात ट्रॅक्टरमागून कागद ताणला जात असताना त्याला केवळ बळ पुरत नाही, त्याला लांबताही आले पाहिजे. पॉलिथिनची दहा सेंटिमीटरांची पट्टी तुटण्यापूर्वी चाळीस सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक लांबते, तर पीएलएची तेवढीच पट्टी अवघे पाच-सहा मिलिमीटर लांबून तुटते. ढेकळाचे टोक लागले, रोपासाठी भोक पाडले, वाऱ्याने कागद फडफडला, की अशा पापुद्र्याची चीर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाते.

उष्णतेची बाबही अशीच विचारात घेण्यासारखी आहे. प्रत्येक बहुवारिकाला असे एक तापमान असते की ज्याखाली त्याच्या साखळ्या काचेसारख्या गोठलेल्या राहतात आणि ज्यावर त्या हलू लागून पदार्थ मऊ पडतो. पीएलएसाठी ते सुमारे ५५ ते ६० अंश आहे. पॉलिथिनसाठी ते शून्याच्याही पुष्कळ खाली असल्यामुळे ते आपल्याकडे सदासर्वदा मऊच असते. पूर्णपणे कोरड्या पिष्टासाठी ते इतके उंच आहे की तिथवर पोचण्यापूर्वीच पिष्ट करपू लागावे. मात्र त्यात पाचव्या हिश्शाइतके पाणी मुरले की तेच तापमान घसरून आपल्या नित्याच्या हवामानाजवळ येते. विडीचे पान भिजवणारी स्त्री पानाला उष्णता न देता, केवळ ओलीच्या साहाय्याने, त्या रेषेच्या अलीकडून पलीकडे नेत असते. पीएलएच्या बाबतीत ते काम ऊन करते. वैशाखातल्या दुपारी हवेचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा काळ्या कागदाचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापतो, आणि सकाळी ताठ असलेला शुद्ध पीएलएचा पापुद्रा अशा वेळी सैल पडून त्याचा आकार बिघडणे अगदी शक्य आहे.

या सर्व कारणांमुळे बाजारात जो विघटनशील मल्चिंग पेपर मिळतो तो बहुधा एकाच पदार्थाचा नसून मिश्रणाचा असतो. पिष्ट किंवा पीएलए यांच्या जोडीला पीबीएटी नावाचे एक लवचिक पॉलिएस्टर घालतात, ज्याचा काचेसारखा होण्याचा बिंदू शून्याखाली सुमारे ३० अंशांवर आहे आणि जे कित्येक पट लांबू शकते. इटलीतील नोव्हारा येथील नोव्हामाँट या कंपनीने पिष्ट आणि विघटनशील पॉलिएस्टर यांच्या संयोगाचा मार्ग प्रथम मोठ्या प्रमाणावर रुळवला. येथे वाचकाने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पीबीएटी हे मुख्यतः खनिज तेलापासून बनते, तरीही मातीतले जीवाणू ते पचवतात. उलट पीएलए हे शंभर टक्के वनस्पतीपासून बनते, तरीही साध्या तापमानाच्या मातीत किंवा प्रवरेच्या पात्रात टाकले असता ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहू शकते, कारण त्याच्या साखळ्या पाण्याने तुटायला लागण्यासाठी त्यांना त्या साठ अंशांच्या आसपासची ऊब लागते, जी केवळ मोठ्या कंपोस्टखताच्या ढिगात मिळते. जन्म वनस्पतीत झाला म्हणून अंत मातीत होईलच असे नाही, आणि 'वनस्पतिजन्य' एवढाच शिक्का पाहून माल खरेदी करणारा शेतकरी किंवा नगरपालिका स्वतःची मोठी फसगत करून घेईल.

आता बाष्पाकडे आणि वायूंकडे वळू, कारण मल्चिंगचा मूळ हेतूच ओल धरून ठेवणे हा आहे. पॉलिथिनच्या साखळीत पाण्याला धरायला काहीच नाही, म्हणून बाष्प तिच्यातून फार मंदगतीने जाते. पीएलएमधून ते दहा-वीस पट अधिक जाते, आणि पिष्टाच्या पापुद्र्यातून शंभर पट किंवा त्याहूनही अधिक. तथापि उघड्या जमिनीशी तुलना केली असता हे मिश्र पापुद्रेही पुष्कळ ओल वाचवतात. ऑक्सिजनच्या बाबतीत मात्र चित्र नेमके उलटे होते. पिष्ट आणि सेल्युलोज यांच्या साखळ्या कोरड्या अवस्थेत इतक्या दाट बांधलेल्या असतात की ऑक्सिजनला वाट सापडत नाही, आणि पॉलिथिनपेक्षा शेकडो पटींनी चांगला अडसर त्या निर्माण करतात. स्वित्झर्लंडच्या जाक ब्रांडेनबर्गर याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शोधलेला सेलोफेन हा याच जातीचा, लाकडाच्या सेल्युलोजचा पापुद्रा. तो वायू आणि वास उत्तम अडवी, पण बाष्प अडवीत नसे, म्हणून मिठाई त्यात कोरडी पडे आणि सिगारेट शिळी होई. १९२७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीच्या विल्यम चार्च याने त्यावर मेण आणि लाखेसारख्या द्रव्याचा अतिसूक्ष्म लेप चढवला आणि तो प्रश्न सुटला. झाडाच्या पानावर क्युटिन आणि मेण यांचा लेप जे काम करतो तेच मनुष्याने येथे पुन्हा केले, असे म्हणता येईल.

संगमनेरहून टोमॅटो बाहेरगावी जातो, आणि तोडलेले फळ श्वसन करीतच असते. पॉलिथिनच्या पिशवीत त्याचे बाष्प कोंडून आतून घाम धरतो व बुरशी लागते. पिष्टाच्या पापुद्र्यातून बाष्प निघून जाते, पण ऑक्सिजन आत येत नाही, आणि फळाला आंबूस वास येण्याचा धोका राहतो. म्हणून अशा वेष्टनाला मोजून बारीक छिद्रे पाडावी लागतात. दुधाच्या पिशवीसाठी तर पिष्टाचा विचारच करू नये: आत सतत द्रव, बाहेर शीतगृहातील ओल, आणि वर क्रेटमधली आदळआपट, अशा तिहेरी परीक्षेत तो काही तासही टिकणार नाही. त्या जागी पॉलिथिनचीच पिशवी वापरून ती प्रामाणिकपणे परत गोळा करणे हाच आजचा शहाणपणाचा मार्ग आहे.

किमतीचा हिशेब घनतेपासून सुरू होतो, हे सहसा कोणी सांगत नाही. पीएलए आणि पीबीएटी यांची घनता १.२५ च्या आसपास आहे. म्हणजे जी गुंडाळी पॉलिथिनची ११ किलोंची होती, तीच त्याच जाडीत विघटनशील मालाची केली तर १५ किलोंची होते. आणि हा माल किलोवर विकला जात असल्यामुळे, दर समान धरला तरी शेतकऱ्याला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भुर्दंड पडतो, मग प्रत्यक्षातील चढा दर वेगळाच. कारखानदार म्हणूनच जाडी १५ मायक्रॉनवर आणतात, आणि जाडी उतरली की फाटण्याचा धोका चढतो.

परंतु या जिल्ह्याकडे या हिशेबात घालण्यासारखे एक भांडवल आहे, आणि ते म्हणजे साखर. संगमनेरपासून खाली प्रवरेच्याच खोऱ्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि योगायोग असा की त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन होऊन बहुवारिकांच्या अभ्यासाला या प्रांतात एक भक्कम आसरा मिळाला. साखरेचे आंबवण करून अल्कोहोल काढले, तर १०० किलो ग्लुकोजमधून फार तर ५१ किलो अल्कोहोल हाती येते, कारण उरलेला भाग कर्बवायू होऊन उडून जातो. त्याच ग्लुकोजवर लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जीवाणूंना सोडले, तर तत्त्वतः सर्व वजन आम्लात उतरते, आणि त्या आम्लाची साखळी बांधताना निघणारे पाणी वजा जाता ८० किलो पीएलए मिळते. व्यवहारात हे आकडे कमी भरतात आणि आम्ल शुद्ध करण्याचा खर्च फार मोठा आहे, ही गोष्ट खरी. तरी २०२४ साली पुणे जिल्ह्यात जेजुरी येथे प्राज उद्योगसमूहाने साखरेपासून पीएलए बनवण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा केला, त्यावरून ही केवळ कागदावरची कल्पना राहिलेली नाही हे दिसते. ज्या शेतात ऊस वाढतो त्याच्याच शेजारच्या शेतात त्या उसाचा कागद टोमॅटोखाली अंथरला जावा, ही शक्यता मला फार मोलाची वाटते.

शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न मुदतीचा आहे. टोमॅटोला कागद चार-पाच महिने शाबूत हवा, आणि त्यानंतर नांगरला असता तो लवकर नाहीसा व्हायला हवा. पण ज्या पाण्याच्या ओढीमुळे जीवाणूंना तो पचवता येतो, त्याच ओढीमुळे तो पिकाच्या ऐन भरातही झिजत असतो, आणि गादीवाफ्याच्या कडेला जिथे कागदाचा काठ मातीत पुरलेला असतो, त्या ओल-हवेच्या रेषेवर तो सर्वांआधी तुटतो. जो गुण त्याला सुटका देतो तोच त्याला दुबळा करतो; एकाला काढून दुसरा ठेवता येत नाही, दोहोंचे प्रमाण मात्र जुळवता येते. युरोपने २०१८ साली अशा कागदासाठी जे मानक ठरवले, त्यात २५ अंशांच्या आसपास उष्ण आणि पुरेशा ओलसर मातीत दोन वर्षांच्या आत त्यातील किमान ९० टक्के कर्ब वायुरूप झाला पाहिजे अशी अट आहे. आपल्याकडे मात्र पिकांच्या मधल्या कोरड्या महिन्यांत जमीन इतकी सुकते की जीवाणूंचे काम जवळजवळ थांबते, आणि ठिबकच्या नळीखालची ओली पट्टी व दोन सऱ्यांमधली कोरडी पट्टी यांत एकाच कागदाचे भवितव्य वेगवेगळे होते. युरोपातील ओल्या मातीतली दोन वर्षे म्हणजे संगमनेरच्या कोरडवाहू मातीतली किती वर्षे, याचे उत्तर येथील मातीतच, चुनखडीच्या आणि काळ्या जमिनीत निरनिराळे, पुरून आणि ठरावीक मुदतीने उकरून, उरलेल्या तुकड्यांचे वजन व ताणबल मोजूनच मिळू शकते. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ या जिल्ह्यातच असल्यामुळे त्या कामासाठी दूर जाण्याचे कारण नाही. तोपर्यंत निदान प्रत्येक गुंडाळीवर जाडी, घनता, कोरड्या व दमट हवेतील ताणबल, तुटेपर्यंतची लांबण, बनवल्याची तारीख, आणि कोणत्या तापमानाच्या व किती ओलीच्या मातीत तो किती महिन्यांत कुजला, एवढा तपशील मराठीत छापणे विक्रेत्यावर बंधनकारक असावे.